बडोद्यातली एक इमर्जन्सी: मुलांसाठी पाच स्टार, मानसिक रुग्णांसाठी दोन

स्टार द्यायचे तर मला दोन वेगळे आकडे द्यावे लागतील. लहान मूल घेऊन गेलात तर पाचपैकी पाच. मानसिक संकटातला माणूस घेऊन गेलात तर पाचपैकी दोन, आणि ते दोन रात्रपाळीच्या एका सिस्टरांचे आहेत. विभागाच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नाही.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. खासगी आहे, बऱ्यापैकी मोठं आहे, इतकं पुरे. दुसऱ्या प्रसंगातली मुलगी अल्पवयीन आहे, आमच्या शेजारची आहे, आणि नाव जुळवलं की दांडिया बाजारातल्या निम्म्या घरांना ती कोण ते कळेल. जे चुकलं ते मी रुग्णालयाला सही करून लेखी दिलंय. इथे लिहिण्याचं कारण वेगळं. रुग्णालय निवडताना आपण डॉक्टरांच्या डिग्र्या बघतो, कॅशलेस आहे का विचारतो, गाडी लावायला जागा बघतो. इमर्जन्सीतला पहिला अर्धा तास मात्र नर्सचा असतो, आणि ती चांगलं काम करतेय की नाही हे कशावरून ओळखायचं ते कुणी सांगत नाही. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात गेली, त्यातली बरीचशी मुलांच्या वॉर्डात. त्यामुळे कुठल्याही कॅज्युअल्टीत शिरले की माझी नजर आधी सिस्टरांच्या हातांकडे जाते.

पहिला प्रसंग नवरात्रातल्या रात्रीचा. भाचीचा मुलगा, दोन वर्षांचा, संध्याकाळपासून तापाने फणफणलेला. दहाच्या सुमारास त्याचे डोळे वर गेले आणि हातपाय झटके द्यायला लागले. घरात एकच कल्लोळ. कुणी हुंगवायला कांदा फोडून आणला, कुणी दातांत घालायला चमचा. चमचा मी हिसकावून घेतला, पोराला कुशीवर वळवलं आणि जावयांना १०८ ला फोन लावायला सांगितला. गुजरातेत ही सेवा २००७ पासून आहे आणि मला तिच्याबद्दल चांगलंच बोलायचंय: गरब्याला निघालेल्या गर्दीतून गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली, आतल्या मुलाने पोराला लगेच ऑक्सिजन लावला आणि रुग्णालयाला आधीच फोन करून ठेवला.

पोचेपर्यंत झटके थांबले होते, पोर गुंगीत होतं. दारातच रात्रीच्या सिस्टर उभ्या. केरळच्या, पन्नाशीच्या आसपासच्या, गुजराती अस्खलित पण मल्याळी वळणाची. त्यांनी पोराला हात लावायच्या आधी नुसतं बघितलं. चेहरा, छाती, कातडीचा रंग. लहान मुलाच्या बाबतीत हेच पहिलं काम. पोर नजरेला नजर देतंय का, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का, ओठ आणि तळपाय निळसर-पांढरे तर नाहीत ना. या तीन गोष्टींवर अर्ध्या मिनिटात कळतं की पळायचंय की बसून बोलायचंय. पोराला भाचीच्या मांडीवरच ठेवलं. ऑक्सिजन मोजायची चिमटी आधी भाचीच्या बोटाला लावून दाखवली, मग पोराच्या पायाच्या अंगठ्याला.

नंतर विचारलं, वजन किती? भाची म्हणाली, बारा असेल. सिस्टरांनी 'असेल' ऐकून घेतलं नाही. तिला पोरासकट काट्यावर उभं केलं, मग पोर माझ्याकडे देऊन एकटीला. पावणेअकरा भरलं. मुलांना प्रत्येक औषध किलोच्या हिशोबाने जातं, तापाचं पॅरासिटामॉलसुद्धा किलोला १५ मिलिग्रॅम. तापाच्या औषधात एका किलोच्या फरकाने मोठं काही बिघडत नाही, पण झटके थांबवायच्या औषधात बिघडू शकतं, आणि ते औषध लागलंच तर वजन तेव्हा करायला वेळ नसतो. म्हणून आधीच करायचं. मोठमोठ्या ठिकाणी मी अंदाजाने आकडा लिहिताना पाहिलंय. इथे तो आकडा लाल पेनाने केसपेपरच्या डोक्यावर लिहिला गेला.

मग साखर बघायची होती. झटके येऊन गुंगीत गेलेल्या मुलाची साखर बघतात, कारण साखर उतरली तरी झटके येतात. एव्हाना पोर जागं झालं होतं आणि पांढरे कपडे बघून रडायला लागलं होतं. सिस्टरांनी भाचीला विचारलं, घरी इंजेक्शनला काय म्हणता? भाची म्हणाली, टुच. सिस्टर खाली वाकल्या, पोराच्या डोळ्यांच्या रेषेत आल्या आणि त्याला म्हणाल्या, "आता टुच. थोडं दुखेल. मग संपलं." त्याला आईच्या छातीशी उराउरी धरायला लावलं, एकच हात बाहेर. बोट आधी चोळून गरम केलं, टोचलं, थेंब घेतला, कापूस दाबून म्हणाल्या, "संपलं." आणि खरंच संपलं होतं. दुसऱ्यांदा टोचलं नाही.

दोन वर्षांच्या मुलाला काय कळतं, असं म्हणणारे बरेच भेटतील. आमच्या काळी तर अशा मुलांना चादरीत गुंडाळून चार जण धरायचे आणि "काही नाही होणार, काही नाही होणार" म्हणत सुई खुपसायचे. त्या मुलाला एवढंच कळायचं की पांढऱ्या कपड्यातलं माणूस खोटं बोलतं. पुढच्या वेळी ते दारातूनच किंचाळायचं आणि शीर सापडायची नाही. आधी सांगणं, खरं सांगणं आणि आईपासून न तोडणं, हे मुलांच्या इमर्जन्सीतलं निम्मं काम आहे. इथल्या मुलांच्या कोपऱ्यात भिंतीवर मासे आणि कासवं रंगवलीत, छान आहेत. पण ती भिंत नसती तरी मी पाच स्टारच दिले असते.

घरी सोडताना जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तापातले असे झटके ६ महिने ते ५ वर्षं या वयात येतात, बहुतेकदा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात आणि साध्या झटक्यांनी मेंदूला इजा होत नाही. साधारण तीनातल्या एका मुलाला ते पुन्हा येतात. तापाच्या औषधाने मुलाला बरं वाटतं, पण झटके टळतीलच असं नाही. तेव्हा पुन्हा आले तर आधी घड्याळ बघायचं, मूल कुशीवर करायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, बर्फाच्या पाण्याने पुसायचं नाही. पाच मिनिटं उलटली तर नाकात मारायचा मिडाझोलॅमचा स्प्रे, डॉक्टरांनी वजनावर लिहून दिलेला तेवढाच, आणि १०८. हे सगळं सांगून झाल्यावर सिस्टर भाचीला म्हणाल्या, आता तुम्ही मला सांगा. भाचीने सांगितलं, स्प्रेचं विसरली, सिस्टरांनी पुन्हा समजावलं. डिस्चार्जचा कागद हातात कोंबून लोकांना वाटेला लावणाऱ्यांनी हे शिकून घ्यावं.

दुसरा प्रसंग त्यानंतर काही महिन्यांनी. शेजारची मुलगी, सतरा वर्षांची, मला आजी म्हणते. रात्री तिच्या आईने दार वाजवलं. मुलीने गोळ्या घेतल्या होत्या. का, ते इथे लिहिणार नाही, आणि अशा गोष्टीला एकच एक कारण नसतंच. मुलगी आज बरी आहे, उपचार चालू आहेत, आणि हे लिहायला तिची आणि तिच्या आईची परवानगी आहे.

नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, पोलीस केस आहे, आधी ते बघावं लागेल. आतून त्याच सिस्टरांचा आवाज आला: "आधी बेड, मग कागद." कायदाही तेच म्हणतो. जीव वाचवण्याचा उपचार पोलिसी सोपस्कारांसाठी अडवायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या खटल्यात १९८९ सालीच सांगितलंय. मेडिकोलीगल, म्हणजे कायद्याच्या कामासाठीची, नोंद होते, पोलिसांना कळवतात, पण ते काम रुग्णालयाचं, आणि ते उपचाराच्या बरोबरीने चालतं. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत घेतलेलं नाही. तरी घरचे लोक केस होईल या भीतीने तासन् तास घरीच बसतात. गोळ्यांच्या बाबतीत हे फार घातक, कारण काही औषधांत सुरुवातीला माणूस ठणठणीत दिसतो आणि आत यकृताचं नुकसान चालू असतं. कुठल्या गोळ्या, किती, किती वाजता, हे सांगता आलं तर उपचारांना दिशा मिळते. रिकामी पाकिटं उचलून बरोबर न्या. आम्ही नेली होती.

डॉक्टरांचे उपचार व्यवस्थित झाले, त्याबद्दल तक्रार नाही. मला सिस्टरांबद्दल सांगायचंय. सलाईन लावून झाल्यावर त्यांनी बेडभोवतीच्या वस्तू काढायला सुरुवात केली. ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री, सुयांचा डबा, ऑक्सिजनची जास्तीची नळी, मुलीची ओढणी. आणि प्रत्येक वस्तू उचलताना तिला सांगत होत्या: "हे मी बाजूला ठेवतेय, आज रात्री तू सुरक्षित राहावीस म्हणून. सकाळी ओढणी परत मिळेल." गुपचूप काही काढलं नाही. मग स्टूल ओढून बसल्या, तिच्या नजरेपेक्षा जरा खाली, बाजूला, समोर छाताडावर नाही. दोन्ही हात मांडीवर, दिसतील असे. आजूबाजूला आम्ही सहा-सात जण. बडोद्यात कुणी आजारी पडलं की अख्खी पोळ, म्हणजे गल्ली, रुग्णालयात येते. सिस्टरांनी आम्हाला काहीच म्हटलं नाही, मुलीला विचारलं, "यांतलं कोण जवळ हवंय?" मुलगी आईकडे न बघता म्हणाली, आजी. आईला ते लागलं असणार, पण सिस्टर हळूच म्हणाल्या, "बेन, तुम्ही दाराशी बसा, तिला दिसाल अशा."

मग त्यांनी सरळ विचारलं, "आत्ता, या क्षणी, मरावंसं वाटतंय का?"

दाराशी बसलेली तिची आई ताडकन उठली. लोकांना वाटतं की विचारलं की डोक्यात नसलेलं डोक्यात जातं. तसं होत नाही. विचारल्याने वाट मोकळी होते. मुलगी तोवर हो-नाही यापलीकडे बोलली नव्हती. त्या प्रश्नानंतर ती बोलायला लागली, थांबत थांबत, बराच वेळ. सिस्टरांनी मधे एकदाही "तुला काय कमी आहे", "आईबापाचा विचार केलास का" असलं काही म्हटलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलंस ते बरं केलंस. हे मी डॉक्टरांना सांगणार आहे, तुझ्यासमोर." आणि सांगितलं, तिच्यासमोरच.

मग बाहेर अपघाताची केस आली. अख्ख्या विभागाला रात्री दोन सिस्टर, एक ब्रदर. त्यांना उठावं लागलं. उठताना त्यांनी नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीला स्टुलावर बसवलं आणि बजावलं: हात लांब केला तर तिला लागेल इतकी जवळ बस, मोबाइल खिशात, बाथरूमला गेली तर तूही जा. या कामाला 'लक्ष ठेवणं' म्हणून चालत नाही. एक माणूस, एक रुग्ण, दुसरं काही काम नाही, तरच ते होतं. ज्या रुग्णालयाला रात्रीच्या पाळीत एवढं माणूस देता येत नाही, त्याने ते बिलात 'ऑब्झर्वेशन' म्हणून लावू नये.

सकाळी आठला पाळी बदलली, आणि इथून माझे तीन स्टार गेले.

हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णाची माहिती देणं, बेडच्या पायथ्याशी उभं राहून झाला. मोठ्या आवाजात: चार नंबर, पॉयझनिंग, सुसाइडल. पडद्यापलीकडच्या बाई मान वळवून बघायला लागल्या. मुलीने तोंडावर चादर ओढून घेतली. रात्रभरात जे थोडं जमलं होतं ते त्या एका वाक्यात गेलं. नंतर स्टुलावरची विद्यार्थिनी घरी गेली आणि तिच्या जागी गणवेशातला सिक्युरिटी गार्ड आणून उभा केला, सतरा वर्षांच्या मुलीच्या उशाशी. तिला लघवीला जायचं होतं. गार्ड म्हणाला, बेडवरून उठायचं नाही. ती उठली. त्याने दंड धरला. ती ओरडली. ती ओरडल्यावर दोन माणसं धावत आली आणि त्यातला एक रोलर बँडेज घेऊन आला होता, हात बेडला बांधायला.

मी मधे उभी राहिले आणि विचारलं, कोणत्या मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलंय? कुणीच दिलं नव्हतं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ वाचा. बांधायचं ते फक्त जवळ येऊन ठेपलेला धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हा, उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपेक्षा एक क्षणही जास्त नाही, आणि त्याची नोंद ठेवून. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. बँडेज परत गेलं. मग मी आणि एक तरुण सिस्टर तिला बाथरूमला घेऊन गेलो, दार थोडं उघडं ठेवून. बाथरूम समोरच होतं. ती गेली, आली, निजली.

त्या तरुण सिस्टरला नंतर मी चहा पाजला. चांगली मुलगी आहे. म्हणाली, मावशी, आम्हाला शिकताना मनोरुग्णालयात पोस्टिंग होतं, त्यानंतर या विषयावर कुणी काहीच सांगितलं नाही. सीपीआरचं प्रशिक्षण नियमाने होतं, भांबावलेल्या माणसाशी कसं बोलायचं याचं एकदाही झालं नाही. यात मी तिला दोष देत नाही. रात्रीच्या सिस्टर जे करतात ते त्यांच्या अंगात आहे, विभागाच्या नियमात नाही. त्या सुट्टीवर गेल्या की ते रुग्णालयही सुट्टीवर जातं, हे माझं मुख्य म्हणणं.

दुसरं म्हणजे जागा. सतरा वर्षांची म्हणून मुलांच्या कोपऱ्याने तिला घेतलं नाही आणि मोठ्यांमध्ये ती अपघाताच्या शेजारी पडली, दिव्यांच्या आणि आरडाओरड्याच्या खाली. त्याच कायद्यात अल्पवयीनांना मानसिक उपचारांसाठी दाखल करताना मोठ्यांपासून वेगळं ठेवायला सांगितलंय आणि जवळचं माणूस पूर्ण वेळ सोबत राहायला हवं म्हटलंय. इमर्जन्सीतही तोच विचार का नको? फार काही लागत नाही. कोपऱ्यातली एक खोली, भिंतीला खुंट्या-हुक नाहीत, आतून कडी नाही, बाहेरून दिसेल अशी काच, मंद दिवा. मासे-कासवं रंगवायला जो खर्च आला त्यात निम्मी तयार होईल.

तिसरं, सकाळच्या डॉक्टरांनी "आमच्याकडे सायकियाट्री नाही" म्हणून हात वर केले. मानसोपचारतज्ज्ञ नसले तरी तातडीचा उपचार कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत करता येतो, आणि योग्य ठिकाणी पोचवणं हाही त्याच उपचाराचा भाग आहे. त्याच कायद्याचं कलम ९४. शेवटी आम्हीच धावाधाव करून पुढची सोय केली.

मग पुन्हा त्या रुग्णालयात जाईन का? मूल घेऊन, डोळे मिटून. मानसिक संकटातला माणूस घेऊन जायची वेळ आली आणि शरीराला इजा झालेली असेल, तर जवळचं तेच म्हणून जाईन, पण घरचं एक शांत माणूस पाळ्या बदलताना बेडपाशी ठेवीन. शरीराला इजा नसेल, नुसतं मन कोसळलं असेल, तर आधी १४४१६ लावीन. टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, आपल्या भाषेत बोलता येतं. बडोद्यात सयाजीराव रुग्णालय आहे, कारेलीबागेत मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे. कारेलीबागेचं नाव काढलं की अजून लोक आवाज खाली करतात. तो करू नका. आमच्या मुलीला तिथे ओपीडीत नेताना मी रिक्षावाल्याला पत्ता मोठ्याने सांगते.

माझ्या तक्रारीला रुग्णालयाचं उत्तर आलंय. हँडओव्हर यापुढे नर्सिंग स्टेशनवर होईल आणि रुग्णाजवळ गणवेशातला गार्ड उभा करणार नाहीत, असं लिहिलंय. प्रशिक्षणाबद्दल 'विचाराधीन' आहे. खोलीबद्दल एक ओळही नाही. मी पुन्हा पत्र दिलंय, सोबत खोलीचा हाताने काढलेला नकाशा जोडून. त्यांनी खोली केली तर इथे येऊन स्टार वाढवीन.